धबधब्यांचे रान आणि काळविटांचा माळ



आजच्या व्याख्यानाचा विषय चालकांनी बाहेरच्या फळ्यावर 'अरण्यदर्शन' असा लिहिला आहे. काल संध्याकाळी एका गृहस्थांनी तो वाचला आणि मला रस्त्यात थांबवून विचारले, "गुरुजी, तुम्ही त्या कर्जतविषयी बोलणार काय?" 'ते कर्जत' म्हणजे रायगड जिल्ह्यातले, मुंबईच्या लोकलगाडीचे कर्जत. पावसाळ्यात तिथले डोंगर हिरवे होतात, कड्याकड्यांवरून पाणी कोसळते आणि मुंबईकरांची झुंबड उडते. मी म्हणालो, "नाही, मी आपल्याच कर्जतविषयी बोलणार आहे. सीना आणि भीमा यांच्या मधल्या कर्जतविषयी." ते हसले आणि म्हणाले, "आपल्याकडं कसलं आलंय अरण्य?"

त्यांचा हा प्रश्न मला अतिशय महत्त्वाचा वाटतो. तो एकट्या त्यांचा नाही. आपल्यापैकी पुष्कळांच्या मनात तो आहे. तेव्हा आजचे माझे बोलणे म्हणजे त्या एका प्रश्नाचे उत्तर आहे, असे समजावे.

प्रथम थोडी व्यवहारातली माहिती सांगतो. राष्ट्रीय उद्यान आणि अभयारण्य हे दोन शब्द आपण एकाच अर्थाने वापरतो; परंतु १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्यांत फरक केला आहे. अभयारण्यात गुरे चारण्यासारखे लोकांचे काही हक्क मर्यादेने चालू राहू शकतात. राष्ट्रीय उद्यानात तशी सवलत नसते. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा आहेत. त्यांतले सर्वांत जुने चंद्रपूरकडचे ताडोबा; ते १९५५ मध्ये झाले. आपल्या जिल्ह्यात राष्ट्रीय उद्यान एकही नाही. पण जिल्ह्याच्या दोन टोकांना दोन अभयारण्ये आहेत, आणि ती एकमेकांहून इतकी निराळी आहेत की, एकाच जिल्ह्याची म्हणून सांगितली तर परका मनुष्य विश्वास ठेवणार नाही.

पश्चिमेच्या टोकाला, अकोले तालुक्यात, कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. ते १९८६ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र सुमारे ३६१ चौरस किलोमीटर. महाराष्ट्रातले सर्वांत उंच शिखर कळसूबाई, उंची १,६४६ मीटर, ते त्याच्याच हद्दीत. पूर्वेच्या टोकाला, आपल्या गावापासून हाकेच्या अंतरावर, देऊळगाव-रेहेकुरीचे काळवीट अभयारण्य आहे. ते १९८० मध्ये झाले आणि त्याचे क्षेत्र आहे २.१७ चौरस किलोमीटर, म्हणजे पाचशे-साडेपाचशे एकर. एखाद्या गावाचे गायरान यापेक्षा मोठे असू शकेल!

मी शिक्षक होतो. निवृत्तीला दोन वर्षे उरली असताना एका ऑगस्टमध्ये मी दहावीच्या मुलांची सहल घेऊन भंडारदऱ्याला गेलो. दुष्काळी भागातली मुले. त्यांना पाणी दाखवावे, एवढाच माझा हेतू होता. संगमनेर सोडून अकोले गाठले तेव्हा आकाश झाकोळून आले. राजूरच्या पुढे पावसाने गाडीच्या काचा धुऊन काढल्या. दोन्ही बाजूंना भाताची खाचरे, त्यांत गुडघाभर पाण्यात वाकलेली माणसे, डोक्यावर इरली. आपल्या मुलांनी शेतात पाणी साठवून ठेवतात हे प्रथमच पाहिले. आपल्याकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरांच्या आगेमागे पाऊस होतो, तोही झाला तर. घाटघरला कित्येक वर्षी तो पाच हजारांच्या घरात जातो. एकच जिल्हा, एकच जिल्हाधिकारी, पण वरुणराजाचे दप्तर दोन!

रंधा धबधबा पाहिला. प्रवरा नदी तिथे सुमारे १७० फूट खाली उडी घेते. वर भंडारदऱ्याचे धरण आहे. १९१० साली ते बांधायला घेतले आणि १९२६ साली पुरे झाले. त्यामुळे रंध्याचे खरे रूप पाहायचे तर पाऊस भरपूर हवा आणि धरणातून पाणी सुटलेले हवे. आम्हांला दोन्ही योग आले. पाण्याचा आवाज इतका होता की, शेजारच्या मुलाशी ओरडून बोलावे लागे. तुषारांनी आम्ही चिंब झालो. मुले नाचली, ओरडली. रतनवाडीला अमृतेश्वराच्या प्राचीन देवळाजवळ एका म्हाताऱ्या गावकऱ्याने झाडाच्या शेंड्याकडे बोट दाखवून आम्हांला शेकरूचे घरटे दाखविले. शेकरू म्हणजे तांबूस रंगाची, लांब झुपक्याच्या शेपटीची मोठी खार. महाराष्ट्राचा तो राज्यप्राणी आहे. काटक्यापानांचा तो गोळा पाहायला चाळीस मुलांतली दोनच मुले थांबली. बाकीची पुढच्या धबधब्याकडे पळाली होती. मला त्यांचा राग आला नाही. पाणी पाहण्यासाठीच तर मी त्यांना आणले होते!

परतीच्या वाटेवर त्या दोघांपैकी एकाने मला विचारले, "गुरुजी, हे एवढं पाणी आपल्याकडं का येत नाही?"

मंडळी, वर्गात मी वीस वर्षे भूगोल शिकविला, पण हा प्रश्न मला स्वतःला कधी पडला नव्हता. मी त्याला सांगितले ते असे. रंध्याचे पाणी प्रवरेचे. ते नेवासे तालुक्यात प्रवरासंगमाला गोदावरीला मिळते. ते काही आपल्याकडे येत नाही. पण त्याच रानाच्या दक्षिण हद्दीवर हरिश्चंद्रगड उभा आहे. त्याच्या दक्षिण अंगावर पडणारे पाणी जुन्नर तालुक्यात खिरेश्वरच्या बाजूला उतरते आणि पिंपळगाव जोगे धरणात साठते. हे धरण कुकडी प्रकल्पातले आहे. ज्या कुकडीच्या पाटाचे आवर्तन कधी सुटणार म्हणून आपले शेतकरी डोळे लावून बसतात, तोच हा प्रकल्प. म्हणजे आपल्या पाटाला येणारे पाणी सह्याद्रीच्या त्याच रानातून निघते. तिथली झाडे, तिथले गवत, तिथली माती पाऊस धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. ते रान उघडे पडले तर माती धरणात येऊन बसेल आणि त्याचा फटका येथे, शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याला बसेल.

मुलगा थोडा वेळ गप्प बसला. नंतर म्हणाला, "मग धबधबा आपल्याकडं येतो म्हणायचं." मी म्हणालो, "होय, पण आडवा होऊन येतो!"

ही झाली पश्चिमेची गोष्ट. तिचे मोल लोकांना पटवावे लागत नाही. जूनच्या तोंडाला काजवे चमकू लागले की भंडारदऱ्याच्या रस्त्यावर मोटारींच्या रांगा लागतात. धबधबा डोळ्यांत बोट घालून आपले सौंदर्य दाखवितो. रेहेकुरीचे तसे नाही. तिथे सौंदर्य आपल्याला शोधावे लागते, आणि त्यासाठी डोळे तयार करावे लागतात.

काही वर्षांपूर्वी मुंबईहून माझा भाचा सहकुटुंब आला. त्याच्या मुलीला रान पाहायचे होते. मी त्यांना पहाटे रेहेकुरीला नेले. मार्च महिना होता. गवत वाळून पिवळे पडलेले, मधून मधून बाभळी, हिवर आणि बोरी, खाली मुरमाड जमीन. ती मुलगी आठ वर्षांची. इकडेतिकडे पाहून म्हणाली, "आजोबा, जंगल कुठे आहे?" मी तिला म्हटले, "तू जंगलातच उभी आहेस. आता बोलू नकोस आणि हलू नकोस."

दहा मिनिटे गेली. सूर्य वर आला. आणि मग त्या पिवळ्या गवताच्या पार्श्वभूमीवर एक काळा ठिपका हलला. नर काळवीट. पाठ काळीभोर, पोट पांढरे शुभ्र, डोळ्यांभोवती पांढरी वर्तुळे, डोक्यावर मळसूत्रासारखी पीळदार दोन शिंगे. तो मान मागे टाकून, शिंगे पाठीला लावून, एखाद्या सरदाराच्या डौलाने चालत होता. मागे वीस-पंचवीस माद्या, अंगाने बदामी, बिनशिंगांच्या. कुठे तरी कुत्रे भुंकले. एक मादी जागच्या जागी उंच उडाली, मग दुसरी, मग तिसरी, आणि सारा कळप उड्या घेत घेत पसार झाला. मुलगी माझा हात धरून उभी होती. ती नंतर घरी पोचेपर्यंत बोलली नाही.

काळविटाविषयी थोडे सांगतो. आपण त्याला सरसकट हरीण म्हणतो. परंतु चितळ-सांबराच्या जातीचा हा प्राणी नव्हे. चितळाची शिंगे फांद्यांची असतात आणि ठरावीक काळाने गळून पुन्हा उगवतात. काळविटाची शिंगे एकदा आली की जन्मभर राहतात. नर जन्मतः काळा नसतो. वय वाढते तसा तो काळा होत जातो. दाट झाडीत हा प्राणी राहू शकत नाही. त्याचे रक्षण दोन गोष्टी करतात: लांबचे पाहणारे डोळे आणि ताशी ऐंशी किलोमीटरपर्यंत जाणारे पाय. दोन्हींना मोकळे मैदान लागते. म्हणून माळ हेच त्याचे अरण्य.

आपल्या पूर्वजांना हा प्राणी चांगला ठाऊक होता. ज्या भूमीत कृष्णसार मृग स्वभावतः संचार करतो ती भूमी यज्ञाला योग्य, असे मनुस्मृतीने सांगितले आहे. कालिदासाच्या शाकुंतलाचा आरंभच दुष्यंत राजा मृगाचा पाठलाग करीत येतो तिथून होतो, आणि आश्रमातले तपस्वी मध्ये येऊन त्याला बाण मारण्यापासून परावृत्त करतात. मौंजीत बटूला कृष्णाजिन देत, ते याच मृगाचे. अशा या प्राण्याची पुढे बंदुकीने दाणादाण उडविली. कोल्हापूरच्या संस्थानात शिकवलेले चित्ते काळविटांवर सोडण्याची शिकार प्रसिद्ध होती. गंमत पाहा, म्हणजे दुर्दैव पाहा: काळवीट कसेबसे उरले, चित्ता मात्र संपला. १९५२ मध्ये तो भारतातून नाहीसा झाल्याचे जाहीर झाले, आणि सत्तर वर्षांनी, २०२२ च्या सप्टेंबरात, आफ्रिकेतून विमानाने चित्ते आणून मध्यप्रदेशातल्या कुनो उद्यानात सोडावे लागले.

माळावरून गेलेले दुसरे नाव माळढोकाचे. पुरुषाच्या कंबरेइतका उंच, पंधरा किलोपर्यंत वजनाचा हा पक्षी आपल्या आजोबांनी पाहिलेला होता. राष्ट्रीय पक्षी कोणता असावा याची चर्चा चालली तेव्हा सलीम अलींनी माळढोकाचे नाव सुचविले होते. १९६३ मध्ये मान मोराला मिळाला. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते. नांगर फिरला, गुरे फिरली, कुत्रे फिरले, की वर्षाची आशा गेली. त्याच्यासाठी १९७९ मध्ये सोलापूर आणि नगर जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले. त्यात आपला कर्जत तालुकाही होता, श्रीगोंदे आणि नेवासेही होते. क्षेत्र जवळजवळ साडेआठ हजार चौरस किलोमीटर! गावे, शेते, बाजारपेठा, सगळे त्याच्या हद्दीत आले. जमिनीचे व्यवहार अडू लागले आणि ज्या पक्ष्याला लोकांनी क्वचितच पाहिले होते त्याच्यावर लोक चिडले. पुढे हे क्षेत्र कमी करून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करावे लागले. तोवर पक्षीच राहिला नव्हता. साऱ्या देशात आज माळढोक दीडशेच्या आसपास उरले आहेत, तेही बहुतेक राजस्थानात. आपल्याकडे एखादा दिसला तर ती वर्तमानपत्राची बातमी होते.

हे असे का झाले? शिकार हे एक कारण. पण त्याहून मोठे कारण त्या गृहस्थांच्या प्रश्नात आहे: "आपल्याकडं कसलं आलंय अरण्य?" झाडे दाट असतील तेच रान, बाकीची जमीन पडीक, असे आपण मनाशी धरले आहे. सरकारी नकाशांतही माळरानाची गणना पुष्कळदा पडीक जमिनीत झाली. पडीक म्हटले की दोनच गोष्टी सुचतात: एक तर नांगरा, नाही तर झाडे लावा. सोलापूर-नगरच्या माळांवर चांगल्या हेतूने गिरिपुष्प लावले, निलगिरी लावली. झाड लावणे हे पुण्यकर्म. त्याला विरोध कोण करणार? परंतु गवताच्या माळावर दाट झाडी उभी केली की काळविटाची दृष्टी अडते, माळढोक तो माळ सोडून जातो, जमिनीवर घरटे करणारा चंडोल आणि धाविक जागा हरवून बसतात. विहिरीच्या बांधावर, गावाच्या वेशीत, रस्त्याच्या कडेला झाडे जरूर लावावीत. माळाला माळ राहू द्यावे.

गवत म्हणजे काही नाही, असे समजू नका. पहिला पाऊस पडला की पंधरा दिवसांत मारवेल, पवन्या, कुसळी उगवते. त्यांच्या मुळ्यांचे जाळे मुरमावरची पातळ माती धरून ठेवते आणि पाऊस जमिनीत जिरवते. त्या गवतावर काळवीट जगते, ससा जगतो; त्यांच्यावर लांडगा आणि खोकड जगतात; आणि त्याच गवतावर धनगराची मेंढरे जगतात. धनगर आणि लांडगा यांचे वैर जुने, पण धनगराचा वाडा जिथे पडतो त्या माळावर लांडगा टिकला आहे, हेही तितकेच खरे. माळ गेला तर दोघेही जातील.

आता दुसरी बाजू. ती सांगितली नाही तर माझे व्याख्यान एकांगी होईल. एका हिवाळ्यात मी रेहेकुरीहून परत येत होतो. शाळवाच्या शेतात माळ्यावर एक शेतकरी गोफण घेऊन बसला होता. डोळे तांबारलेले. मी म्हटले, "रामराम, आज छान कळप दिसला." तो म्हणाला, "गुर्जी, तुम्ही काळवीट बघाया येता, आन् आम्ही त्याला हाकलाया रातभर जागतो. तुमची हौस हाय, आमची ज्वारी हाय."

मला उत्तर सुचले नाही. अडीच चौरस किलोमीटरसुद्धा नसलेल्या अभयारण्यात काळवीट मावत नाही. रात्री ते बाहेर पडते आणि हरभरा, ज्वारी, तूर खाते. म्हणजे खरे अभयारण्य सरकारी दगडांच्या हद्दीत नाही, ते भोवतालच्या शेतकऱ्यांच्या शेतात आहे. काळवीट पोसण्याचा खर्च तेच करीत आले आहेत. नुकसानभरपाईची तरतूद आहे. पण पंचनामा, अर्ज आणि हेलपाटे यांत तिचे मोल उतरते. ती वेळेवर आणि पुरेशी मिळावी, ही मागणी करण्याचा पहिला हक्क जसा शेतकऱ्याचा, तसे ती मागणी उचलून धरण्याचे पहिले कर्तव्य काळवीट पाहायला जाणाऱ्या आपल्यासारख्यांचे आहे.

त्या शेतकऱ्याने मला आणखी एक सांगितले. मागच्या उन्हाळ्यात काळविटाचे पाडस त्याच्या विहिरीत पडले. त्याने आणि त्याच्या मुलाने दोर सोडून, खाली उतरून ते काढले आणि माळावर सोडून दिले. मी विचारले, "ज्वारी खाणाऱ्याला मग कशाला वाचवलंत?" तो म्हणाला, "हिरीत पडलेलं लेकरू कुणाचं का असंना, काढावं लागतंच की."

बंधुभगिनींनो, हे बोलणारा माणूस आपल्या तालुक्यात आहे तोवर काळविटाची चिंता करण्याचे कारण नाही. चिंता आहे ती त्या माणसाला एकटा सोडण्याची.

म्हणून शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. माळावर जाल तेव्हा पहाटे जा, पायी जा, गप्प बसा. कळपामागे मोटार घालू नका; धावून धावून थकलेली गाभण मादी पाडस टाकते. गवतात एकटे पाडस दिसले तर ते पोरके समजून उचलू नका. आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. तुम्ही निघून गेलात की ती परत येते. शेतातल्या उघड्या विहिरींना कठडे बांधा; काळविटाइतकेच ते आपल्या लेकरांसाठीही आहेत. गावातल्या मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त करा, कारण आज वाघ-चित्ता नसलेल्या या माळावर पाडसांचा मोठा वैरी तेच आहेत. आणि चैत्रात गवत पेटवू नका.

शेजारच्या पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीला माळरान पाहण्यासाठी लोकांना रीतसर नेण्याची व्यवस्था सुरू झाली आहे. तिथे जमते ते आपल्याकडे का जमू नये? पाहुणे आले की आपण त्यांना राशीनच्या देवीला नेतो, सिद्धटेकच्या गणपतीला नेतो, चौंडीला अहिल्यादेवींच्या जन्मस्थानी नेतो. त्या वाटेवर एक सकाळ रेहेकुरीचीही असावी. आणि त्यांना वाट दाखविणारा, त्याचे चार पैसे मिळविणारा मुलगा त्या ज्वारीवाल्या शेतकऱ्याचाच असावा.

धबधबे पाहायला अवश्य जा. अकोल्याला जा, भर पावसात भिजून या. आपल्या पाटातले पाणी कुठून निघते ते पाहून या. पण परत आल्यावर आपल्या माळाला 'काही नाही' म्हणू नका. त्या मुंबईच्या मुलीचे पत्र मला मागच्या महिन्यात आले. आता ती मोठी झाली आहे, कॉलेजात आहे. तिने पुष्कळ रानांचे वर्णन केले आहे आणि शेवटी विचारले आहे, "आजोबा, आपले जंगल अजून आहे ना?"

तिला उत्तर लिहायचे आहे. ते एकट्याने लिहिता येण्यासारखे नाही. ज्यांना माझ्याबरोबर यायचे असेल त्यांनी येत्या रविवारी पहाटे साडेपाचला बसस्थानकासमोर यावे. चपला नकोत, बूट असावेत. कुसळे पायांत रुततात.